इंजिनावरचे किटण

आमचा एक जुना विद्यार्थी सकाळीच आमच्या घरी आला. एका हातात ट्रॅक्टरचे आरसी बुक, दुसऱ्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. म्हणाला, "गुरुजी, जरा आमच्या खळ्यापर्यंत चला. नंबर वाचायचाय."

त्याने एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला होता. तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा, वीस वर्षे राबलेला. आता तो त्याच्या नावावर व्हायचा होता. त्यासाठी इंजिनाच्या आणि चेसिसच्या नंबराचा पेन्सिलीने ठसा काढून द्यायचा होता. हे नंबर लोखंडात ठोकलेले असतात. त्यांवर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उठतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण हाच खेळ खेळलो आहोत.

चेसिसचा नंबर उठला. इंजिनाचा उठेना. कागद नुसताच काळा झाला. उठणार कसा? नंबर राहिला बाजूला, तिथे इंजिनच दिसत नव्हते. तेल, धूळ, भुसा आणि माती यांचा बोटभर जाड थर. आपण याला किटण म्हणतो. तव्याच्या पाठीला जमते, तेच हे. फक्त इथे वीस वर्षांचे.

गड्याने स्क्रू-ड्रायव्हरने थोडे उकरून पाहिले होते. शेवटचे चार आकडे अर्धेमुर्धे दिसत होते. आरसी बुकात शेवटचा आकडा तीन. इंजिनावर मात्र आठ दिसत होता. त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, इंजिन बदललेलं तर नाही ना? फसलो की काय?"

त्यात आणखी एक भर होती. एका फिटरने ट्रॅक्टर उभ्या उभ्या बघून सांगितले होते, "सगळीकडून तेल मारतंय. इंजिन खोलावं लागेल." इंजिन खोलायचे म्हणजे हजारांची गोष्ट. आणि ट्रॅक्टरसाठी काढलेले सोसायटीचे कर्ज आधीच डोक्यावर.

आम्ही म्हणालो, "आधी तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव. इंजिन धुऊ. मग नंबर बघू. रडायचं असेल तर मग रडू."

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण आमच्या गॅरेजचा मिस्त्री दिवसभर सोबत राहिला. ट्रॅक्टरबरोबर आलेले माहितीपुस्तकही त्याच्याकडे होते. ते आम्ही मोठ्याने वाचत गेलो. त्या दिवशी जे केले आणि जे कळले, ते इथे सांगतो.

प्रथम हे किटण येते कुठून ते पाहू. इंजिनाच्या पोटात तेल सारखे फिरत असते. इंजिन हे एकसंध लोखंड नाही. अनेक तुकडे बोल्टांनी आवळून ते बनते. दोन तुकड्यांच्या मध्ये कागदाचे, बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. पॅकिंग जुने झाले की कडक होते, आकसते. मग तिथून तेल पाझरते. धार नव्हे, नुसता ओलावा. त्या ओलाव्यावर शेतातली धूळ बसते. मळणीचा भुसा बसतो. इंजिनाच्या उष्णतेने ते सगळे भाजून निघते आणि चिकटते. त्यावर पुन्हा ओलावा, पुन्हा धूळ. पंख्याचा वारा हे तेल मागे मागे ढकलतो. म्हणून एका जागी गळते आणि सगळे इंजिन काळे होते.

आता कोणी म्हणेल, घाण बाहेरून आहे, इंजिन आतून चालते, मग बिघडते काय? आम्हीही आधी असेच समजत होतो.

तुम्ही टाकीत डिझेल भरता. त्यातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच ट्रॅक्टर ओढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुरातून, रेडिएटरच्या पाण्यातून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर जाते. ती जायलाच हवी. अंगावर किटणाची गोधडी असली की ती अडते. खरे सांगायचे तर पुष्कळशी उष्णता पाणीच नेते. त्यामुळे इंजिनाच्या अंगावरच्या किटणापेक्षा रेडिएटरच्या जाळीत बसलेला भुसा जास्त वाईट. पण ज्याच्या इंजिनावर किटण असते, त्याची जाळीही बहुधा तुंबलेलीच असते.

दुसरी गोष्ट आगीची. फरशीवर तेल सांडले आणि जळती काडी टाकली, तर तेल सहसा पेटत नाही. त्याच तेलात वात ठेवली की लगेच पेटते. तेल प्यायलेला भुसा म्हणजे वातच. आणि ही वात कुठे असते? धुराचा पाइप इंजिनातून निघतो, तिथे शेजारीच. तो पाइप भर कामात हात लावू देत नाही इतका तापतो. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीजवळ उभा असतो, हे ध्यानात आणा. वर्षाची वैरण जायला एक ठिणगी पुरे.

तिसरी गोष्ट लपवाछपवीची. किटणाखाली काय आहे ते दिसत नाही. कुठून गळते, कुठला बोल्ट ढिला, कुठे चीर, काही कळत नाही. फिटरलाही कळत नाही. मग तो अंदाजाने सांगतो, आणि त्याच्या अंदाजाचे पैसे आपण देतो.

आता धुण्याकडे वळू. ट्रॅक्टर सपाट जागी उभा केला. विहीर आणि ओढा दोन्हींपासून लांब. हँडब्रेक लावला, चाकांना दगड लावले. इंजिन तापलेले असेल तर थांबावे. अगदी गार असले तर किटण कडक राहते. हाताला कोमट लागेल इतपत बरे. तापलेल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडले तर त्याला चीर जाऊ शकते. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतले तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

मग बॅटरीच्या तारा काढल्या. बॅटरीवर दोन खुणा असतात. अधिकची फुली आणि वजाची आडवी रेघ. ज्यांना अंकगणित आले त्यांना या खुणा नव्या नाहीत. ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली तार आधी काढायची. बहुतेक ट्रॅक्टरांत ती वजाची असते. जोडताना ती शेवटी जोडायची. उलटे केले आणि पाना चुकून लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. आजूबाजूला तेल असताना ठिणगी नको.

मग ज्या जागी पाणी जाऊ नये त्या झाकल्या. हवा आत घेणारे तोंड, अल्टरनेटर, सेल्फ, डिझेलच्या टाकीचे झाकण, तेल मोजायच्या सळईचे भोक. प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि सुतळीने घट्ट बांधल्या. हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर अनर्थ होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि आतला दांडा वाकतो. पिशव्या किती बांधल्या ते आम्ही खडूने मडगार्डवर लिहून ठेवले. सात. काढताना सात भरल्या पाहिजेत.

मिस्त्री म्हणाला, "पाणी, साबण सगळं नंतर. आधी खरवडा." हेच खरे काम आहे. पुष्कळ लोक कंटाळतात आणि एकदम पाणी मारतात. मग किटण जागचे हलत नाही आणि चिखल मात्र होतो. आम्ही बांबूच्या चपट्या कांब्या तासून घेतल्या. लोखंडी पटाशी वापरली नाही. पटाशीने ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात, रबरी सील कापले जाते. खाली गोणपाट पसरले. दोन तास नुसते खरवडले. गोणपाटावर घमेलेभर किटण पडले. घमेले उचलायला जड लागले!

उरलेल्यावर ब्रशाने डिझेल लावले आणि पंधरा-वीस मिनिटे मुरू दिले. तेलाने तेल सुटते. रॉकेलही चालते, पण ते पूर्वीसारखे सहज मिळत नाही. जाता जाता सांगतो, डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव. जर्मनीचे इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यांचे नाव इंजिनाला पडले आणि पुढे त्या तेलालाही.

पेट्रोलने मात्र इंजिन कधीही धुवू नका. काही लोक धुतात, लवकर निघते म्हणतात. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही उठते, शून्याखाली ४० अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी. ती हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या चुलीपाशी किंवा विडीपाशी पोचते. तिथून आग उलट आपल्याकडे येते. डिझेल तेवढे भडक नाही. तरी डिझेल लावताना विडी नको म्हणजे नको. आमच्या विद्यार्थ्याच्या एका चुलत्यांना हे दोनदा सांगावे लागले.

एवढ्यात विद्यार्थ्याच्या आई चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन आल्या. "गुरुजी, तवा घासतो तसं घासू या की." त्यांची बुद्धी बरोबर होती. राखेत खार असतो. खार आणि तेल मिळून थोडा साबणच होतो. म्हणून राखेने तेलकट भांडे निघते. पण राखेत खरही असते. ती खर इंजिनाच्या सांध्यात गेली तर सील घासले जाते. म्हणून आम्ही म्हणालो, "वहिनी, काथ्या द्या, राख परत न्या." काथ्याने फार छान काम केले.

मग धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवली आणि ब्रशाने सगळीकडे लावली. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे टोक पाण्याला. तेल आणि पाणी एरवी एकमेकांना शिवत नाहीत. साबण मध्ये पडतो आणि तेलाला पाण्याबरोबर धाडून देतो. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नये. तो कातडी भाजतो, ॲल्युमिनियम खातो. ॲल्युमिनियम खाताना त्यातून पेट घेणारा वायूही निघतो.

शेवटी पाणी. मगाने ओतायचे. गाड्या धुण्याच्या जोरदार पंपाने पाणी सील ओलांडून आत घुसते. डिझेल पंपावर तर कोमट इंजिनातही गार पाणी ओतू नये, आणि इंजिन चालू असताना मुळीच नको. त्या पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांमधली फट फार बारीक असते. माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा भाग, किंवा त्याहून कमी. गार पाण्याने बाहेरची नळी एकदम आकसली की दट्ट्या आत अडकून बसतो. पंप गेला की खर्च मोठा. तिथे ओल्या फडक्याने पुसावे, एवढेच.

फडक्याने कोरडे केले, तासभर उन्हात ठेवले. आता इंजिन कसे दिसू लागले? मूळचा रंग निळा होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मग नंबर. नंबराच्या जागी आम्ही कानस, पॉलिश पेपर किंवा स्क्रू-ड्रायव्हर काही लावू दिले नाही. नंबर घासलेला दिसला तर चोरीच्या वाहनाचा संशय येतो, आणि नंबरात फेरफार करणे हा गुन्हाच आहे. जुना दात घासायचा ब्रश डिझेलमध्ये बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. फडक्याने टिपला. पुन्हा फिरवला.

विद्यार्थ्याच्या आई रात्रीच्या वर्गाला येतात. इंग्रजी आकडे त्यांनी नुकतेच गिरवले आहेत. मराठी तीन आणि आठ यांत कधी घोटाळा होत नाही. इंग्रजी तीन आणि आठ यांत होतो. इंग्रजी तीनची डावी बाजू उघडी असते. ती बंद केली की आठ होतो. आमचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. त्यांनी वाकून पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ही बाजू उघडी आहे. तीन आहे गुरुजी. आत मळ बसला होता." कागद धरला, पेन्सिल घासली. सगळे आकडे उठले. आरसी बुकाशी एकेक ताडून पाहिला. जुळले.

मुलगा खाली बसला आणि दोन मिनिटे काही बोललाच नाही.

आता राहिले गळणे. इथे आमच्या खडूचा उपयोग झाला. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत लोखंडातली बारीक चीर शोधायला एक युक्ती करीत. तो भाग तेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूचे पाणी द्यायचे. चिरेत राहिलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. आम्ही तेच केले. इंजिन पुरते कोरडे होते. जिथे जिथे दोन तुकडे जुळतात, तिथे खडूची पूड कापसाने हलके लावली. पट्टा, पंखा आणि हवेचे तोंड यांपासून मात्र ती दूर ठेवली. पिशव्या काढल्या, सात मोजल्या. तारा जोडल्या. इंजिन चालू केले.

चालू इंजिनाजवळ दोन गोष्टी सांभाळा. गळ्यातले उपरणे, साडीचा पदर आणि सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा. आणि पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांची गळती कधीही हाताने चाचपू नका. त्या नळ्यांत ट्रकच्या टायरातल्या दाबाच्या कितीतरी पट दाब असतो. तिथून सुटलेली बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल बोट सडवते. असे झाले तर तासभरही थांबू नये, सरळ मोठ्या दवाखान्यात जावे.

दहा मिनिटांत वरच्या झाकणाच्या पुढच्या कोपऱ्यात खडू काळा पडू लागला. बाकी सगळीकडे पांढरा. तेल खाली वाहते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा डाग शोधावा. गळती तिथे असते. मिस्त्रीने बोट लावून चोळले, वास घेतला. डिझेल पातळ असते आणि त्याचा वास लगेच कळतो. हे घट्ट आणि बुळबुळीत, म्हणजे इंजिनाचे तेल. रेडिएटरचे रंगीत पाणी गळत असेल तर ते चाखून बघू नये. त्यातले औषध विषारी असते आणि चवीला गोड लागते. कुत्री, वासरे तेवढ्यासाठी चाटतात.

इंजिन बंद करून मिस्त्रीने ब्रीदरची नळी काढली. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच इंजिनाच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर जायला ही नळी असते. ती किटणाने पार बुजली होती. भाताच्या पातेल्यावर झाकण घट्ट दाबून धरले तर पाणी कडेने उसळते ना? तसेच इथे झाले. वायूला वाट नाही, म्हणून तो पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलत होता. नळी साफ केली. वरच्या झाकणाचे पॅकिंग बदलले. तेवढ्यावर भागले, इंजिन खोलावे लागले नाही.

त्या फिटरला आम्ही लबाड म्हणणार नाही. नळी साफ केल्यावरही तिच्यातून भकाभका धूर आला असता, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे ठरले असते. मग इंजिन खोलावेच लागले असते. त्याचे उत्तर चुकले, कारण त्याने गणित पुरते वाचलेच नाही. अशी मुले वर्गात आम्ही खूप पाहिली.

आता घमेल्यातले किटण आणि काळे पाणी यांचे काय करायचे? ओढ्यात तर नाहीच. थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर पसरते. विहिरीत उतरले तर वास लवकर जात नाही. सांडलेल्या जागी लाकडाचा भुसा टाकला, तो तेल पितो. तो भुसा, किटण, चिंध्या आणि काळे पाणी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यांत भरून गंजीपासून दूर ठेवले. मिस्त्रीने डबे गॅरेजवर नेले. तिथून जुने तेल नेणारा माणूस येतो. जळके तेल चुलीत घालू नका. बैलाच्या गोचिडांवर किंवा जखमेवरही लावू नका. कातडीतून ते अंगात भिनते आणि जनावर ते चाटते. आमच्या भागात ही रीत आहे, आणि ती चुकीची आहे. आपले हात डिझेलने धुवू नयेत, कातडी फुटते. आधी गोडे तेल चोळावे, मग साबण लावावा.

विहिरीवर डिझेलचे इंजिन असेल, तर त्यालाही बहुतेक हेच लागू. ते हवेने गार होणारे असेल तर सिलिंडरच्या पाकळ्यांमधले किटण आधी काढा. त्या इंजिनाला पाणी नसते. त्या पाकळ्या हाच त्याचा रेडिएटर.

रोज रात्री ट्रॅक्टर उभा करताना इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवायचा, असे ठरले. सकाळी त्यावरचे ठिपके मोजायचे आणि तारीख लिहायची. हे काम आईंनी घेतले आहे. पहिल्या सकाळी चार ठिपके होते. पॅकिंगच्या कडेला राहिलेले तेल ते. तिसऱ्या सकाळी एक. आठव्या सकाळी पुठ्ठा कोरा. मात्र मागच्या चाकाजवळ त्यांना एक नवा ठिपका दिसला. ते इंजिनाचे तेल नव्हे, गिअरचे. तिकडचे किटण येत्या अमावास्येला काढायचे आहे. त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात जात नाही. कांब्या तासून ठेवल्या आहेत.